रिकाम्या हाती: मजुराच्या येण्याविषयी एक अभ्यास

शास्त्रपाठ : उत्पत्ती २९:१५–३०, ३१:३६–४३, निर्गम २२:१०–१३, अनुवाद २४:६, १०–१५, याकोबाचे पत्र ५:१–६

पहिल्या पावसाच्या सुमारास आपल्या सेवाक्षेत्रातील पाड्यांवर माणसे परतू लागतात. भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबे येतात. त्यांच्याही आधी गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या येऊन पोचलेल्या असतात. डोक्यावर भांडी, गोधड्या, कडेवर लेकरू. काहींच्या हातात चार पैसे असतात. काहींच्या हातात काहीच नसते, उलट पुढच्या हंगामाचे देणे डोक्यावर असते.

असे कुटुंब उपासनेला आले की मंडळी काय करते, हे आपल्याला ठाऊक आहे. तांदूळ, डाळ, तेल, मुलांना वह्या. आपण हे प्रेमाने करतो आणि ते करायलाच हवे, कारण चूल हिशेब मिटेपर्यंत थांबत नाही. पण या अंकातला अभ्यास थोडा अवघड प्रश्न विचारतो. त्या कुटुंबाचे साठ हजार रुपये मालकाकडे अडकले असतील आणि आपण हजार रुपयांचा शिधा देऊन त्यांना घरी पाठवले, तर मदत नक्की कोणाला झाली? थोडी त्या कुटुंबाला झाली. थोडी मालकालाही झाली. त्याने बुडवलेल्या मजुरीतला एक लहानसा हप्ता आपण मंडळीच्या दानातून भरला, आणि त्याला कोणी काही विचारले नाही.

पूर येतो, आजार येतो, पीक बुडते, त्याला आपण आपत्ती म्हणतो. मजुरी थकते तेव्हा मात्र कोणीतरी कोणाचे तरी देणे लागत असते. ते देणे वसूल करून देण्यात हातभार लावणे हेही सेवेचेच काम आहे, आणि पवित्र शास्त्र त्याबद्दल फार स्पष्ट बोलते.

लाबान मामाच्या घरी

याकोब आणि लाबान यांची गोष्ट आपण सहसा लेआ आणि राहेल यांची गोष्ट म्हणून वाचतो. या वेळी ती मजुरीची गोष्ट म्हणून वाचावी. याकोब घरदार सोडून परक्या मुलखात आलेला तरुण आहे. ज्याच्याकडे तो काम करतो तो परका नाही, सख्खा मामा आहे. सुरुवातीला मामा गोड बोलतो: तू नात्याचा म्हणून फुकट राबावेस काय, तुझी मजुरी सांग. करार तोंडी होतो. सात वर्षे संपतात आणि ठरले होते त्याहून वेगळेच पदरात पडते. मग आणखी सात वर्षे, मग कळपासाठी सहा. एकतिसाव्या अध्यायात याकोब म्हणतो की मजुरी दहा वेळा बदलली गेली.

आपल्या भागात मुकादम बहुधा असाच असतो. पलीकडच्या पाड्यावरचा, कधी बायकोकडचा, लग्नाकार्यात जेवायला बसणारा. दिवाळीच्या आसपास तो उचल घेऊन दारात येतो. पालघर–रायगडकडे तिला बयाणा म्हणतात. नाते आहे म्हणून कागद मागायची लाज वाटते, आणि कागद मागितला नाही म्हणून सहा महिन्यांनी बोलायला तोंड राहत नाही. माझ्या मते ही लाज मालकाच्या दमदाटीपेक्षाही जास्त मजुरी बुडवते.

आता एकतिसाव्या अध्यायातील ३८ ते ४२ या ओव्या सावकाश वाचा. याकोब रागावला आहे, पण नुसता आरडाओरडा करत नाही. तो हिशेब मांडतो. किती वर्षे काम केले: वीस. त्यांतली कशासाठी किती: चौदा आणि सहा. काम कोणत्या स्थितीत केले: दिवसा ऊन, रात्री थंडी, झोप नाही. कामात कसूर झाली का: नाही. आणि कपात कोणती झाली: श्वापदाने फाडलेल्या जनावराची भरपाई त्याने स्वतः सोसली, दिवसा चोरी होवो की रात्री, तेही त्याच्याच अंगावर आले. शेवटी तो म्हणतो की देव माझ्याबाजूने नसता तर तू मला रिकाम्या हाती लावून दिले असतेस.

कामगार अधिकाऱ्यापुढे जो अर्ज द्यावा लागतो, त्यात याहून वेगळे काही नसते. कामाचा काळ, कामाचा प्रकार, ठरलेला दर, मिळालेली रक्कम, केलेली कपात, बाकी. त्यावर लाबानाचे उत्तरही ओळखीचे आहे. तो एकाही मुद्द्याचा हिशेब देत नाही, फक्त म्हणतो की हे सारे माझेच आहे.

फाडलेल्या जनावराचा मुद्दा इथे थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. निर्गमातील बावीसाव्या अध्यायात नियमशास्त्र सांगते की राखायला दिलेले जनावर श्वापदाने फाडले, तर राखणाऱ्याने पुरावा आणून दाखवावा, भरपाई त्याच्याकडून घेऊ नये. म्हणजे लाबानाने याकोबाच्या अंगावर टाकलेले नुकसान पुढे नियमशास्त्राने मजुराच्या अंगावरून काढले. वीटभट्टीवर अवकाळी पाऊस येतो, थापलेल्या कच्च्या विटा विरघळतात, आणि हंगामाच्या शेवटी त्या मोजणीतून वजा होतात. आजचा कायदाही म्हणतो की नुकसानीची कपात करायची तर ते नुकसान मजुराच्या हयगयीने झालेले असले पाहिजे. पावसाला मजूर जबाबदार नसतो.

एकाच अध्यायात गहाण आणि मजुरी

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात दोन विषय शेजारी शेजारी येतात. सहाव्या ओवीत जाते किंवा जात्याची तळी गहाण घेऊ नये असे सांगितले आहे, कारण ते घेणे म्हणजे जीवच गहाण घेणे. दहाव्या ओवीपासून कर्ज देणाऱ्याला मर्यादा घातली आहे: गहाण आणायला त्याने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. लगेच पुढे, चौदा-पंधरामध्ये, मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी, तो स्वजातीचा असो की परका.

हे दोन विषय शेजारी का आले असावेत? गटात हा प्रश्न जरूर चर्चेला घ्या. मला वाटते, गरीब माणसाला बांधून ठेवण्याची दोन साधने शास्त्राला माहीत होती: आधी दिलेले कर्ज आणि नंतर रोखलेली मजुरी. आपल्याकडच्या उचलीत ही दोन्ही साधने एकत्र येतात. उचल दिली म्हणून मजूर जाऊ शकत नाही, आणि मजुरी हंगामाच्या शेवटी मिळणार म्हणूनही जाऊ शकत नाही. मधल्या काळात आठवड्याला मिळते ती फक्त खर्ची. जाते गहाण न ठेवता इथे माणूसच गहाण पडतो.

याकोबाच्या पत्रातील पाचव्या अध्यायात आणखी एक पाऊल पुढे जाऊन म्हटले आहे की कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते. मजूर थकून गप्प बसला तरी त्याचे येणे गप्प बसत नाही. ऊसतोडीच्या मुलखात राहणाऱ्यांनी ही ओवी दुसऱ्या कोणासाठी लिहिली आहे असे समजू नये. आपल्याच मंडळीत भट्टीवाले, ठेकेदार, ट्रॅक्टरवाले, घरकामाला बाई ठेवणारे बंधू-भगिनी आहेत. गटात वाचन होईल तेव्हा तेही बसलेले असतील, हे वाचन घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे, आणि त्यांना पाहून आवाज खाली आणू नये.

आजचा कायदा काय म्हणतो

२१ नोव्हेंबर २०२५ पासून आपल्या देशात वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे. १९३६ चा वेतन प्रदान कायदा आणि १९४८ चा किमान वेतन कायदा हे दोन जुने कायदे, बोनस आणि समान वेतनाच्या कायद्यांसह, तिच्यात सामावले गेले. मजुराच्या दृष्टीने कामाच्या गोष्टी अशा. रोजंदारीची मजुरी पाळी संपताच, आठवड्याची मजुरी आठवडी सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशी, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो. काम सोडले किंवा काढून टाकले, तर बाकी दोन कामाच्या दिवसांत. सर्व कपाती मिळून त्या काळातील वेतनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. ठेकेदाराने मजुरी दिली नाही, तर ज्याच्यासाठी काम झाले त्या आस्थापनेच्या मालकावर ती जबाबदारी येते.

सर्वांत मोठी गोष्ट पुराव्याची. मजुरी मिळाली नाही किंवा कमी मिळाली असा दावा मजुराने केला, की ती दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. पुष्कळ मजूर आणि पुष्कळ पाळकही हे उलटे समजून बसलेले असतात. ‘आमच्याकडे कागद नाही, आमचे कोण ऐकणार’ असे म्हणून गप्प राहतात. कागद ठेवण्याचे काम कायद्याने मालकाला दिले आहे. मजुराला एवढेच दाखवावे लागते की तो तिथे कामाला होता.

दावा करण्याची मुदत तीन वर्षे आहे. जुन्या कायद्यांत ती फार कमी होती, किमान वेतनासाठी सहा महिने आणि थकलेल्या वेतनासाठी बारा. म्हणून संहितेच्या आधीच्या हंगामाचे येणे असेल तर वकिलाला ताबडतोब दाखवावे. उशिराला सबळ कारण असेल तर अर्ज दाखल करून घेता येतो. अधिकारी मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत नुकसानभरपाई देऊ शकतो. हा दहापटीचा आकडा मात्र मजुराला सांगून त्याच्या आशा फुगवू नयेत. तो अधिकाऱ्याच्या विवेकावर आहे आणि आपले पहिले लक्ष्य मूळ येणे हेच असले पाहिजे. आदेशानंतरही मालकाने पैसे भरले नाहीत, तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करण्यासाठी दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे जातो.

एक हिशेब मांडून पाहू

पुढचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक उद्योगाचे आणि परिमंडळाचे किमान वेतन वेगळे असते आणि त्यातला विशेष भत्ता बदलत राहतो, म्हणून चालू दर कामगार कार्यालयातूनच घ्यावा.

समजा एक जोडपे चोवीस आठवडे भट्टीवर राहिले, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे १४४ दिवस. रोज हजार विटा थापल्या. हजार विटांमागे ७०० रुपये ठरले. एकूण १,००,८०० रुपये झाले. उचल ३०,००० घेतली होती आणि दर आठवड्याला १,५०० खर्ची, ती ३६,००० झाली. वजा जाता ३४,८०० रुपये बाकी निघते. मालकाची वही मात्र म्हणते की साठ हजार विटा पावसाने गेल्या आणि मोडल्या. त्यामुळे ५८,८०० रुपयेच झाले, आणि ७,२०० रुपये उलट मजुराकडेच निघतात. हे पैसे पुढच्या हंगामाच्या उचलीत धरले जातात.

आता किमान वेतनाच्या बाजूने पाहा. समजा त्या कामाचा किमान दर दिवसाला ४५० रुपये आहे. काम दोघांनी केले. पती माती मळतो आणि थापतो, पत्नी गोळे देते, विटा उलटते, रचते. मालकाच्या वहीत मात्र नाव एकट्या पुरुषाचे आणि हिशेब ‘जोडी’चा. कायद्यात जोडी नावाचा कामगार नाही. दोन माणसांचे १४४ दिवस, ४५० रुपयांनी १,२९,६०० होतात. नगाच्या दराने काम असले आणि त्या कामासाठी दिवसाचा किमान दर ठरलेला असला, तरी मजुरी त्याखाली जाऊ शकत नाही. उचल आणि खर्ची मिळून ६६,००० वजा केले तर येणे ६३,६०० रुपये.

मालकाच्या वहीत जे कुटुंब ७,२०० चे देणेकरी आहे, ते कायद्याच्या हिशेबाने ६३,६०० चे येणेकरी आहे. आपल्या शिध्याच्या पिशवीपुढे हा आकडा ठेवून पाहावा. आणि पत्नीच्या नावाने वेगळा अर्ज करायला विसरू नये. तिचे निम्मे येणे बहुतेक वेळा असे विसरण्यातच जाते.

बारा तासांची पाळी

दहावी-बारावी झालेली आपली मुले आता भट्टीवर जात नाहीत, गोदामात, हॉटेलात, कारखान्यात किंवा सुरक्षा रक्षक म्हणून लागतात. त्यांची मजुरी सहसा पूर्ण बुडत नाही, ती तासांत गळते. ‘बारा तासांची ड्युटी, महिन्याला इतके’ असे एकरकमी ठरते आणि त्यात ओव्हरटाइम होता हेही मुलांना कळत नाही.

साधारणपणे दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस हे कामाचे तास धरले जातात. त्यापुढच्या तासांना दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो. दिवसाचे ५०० रुपये धरले तर तासाचे ६२ रुपये ५० पैसे. दुप्पट केले की १२५. चार तासांचे ५०० झाले. म्हणजे वरचे चार तास आधीच्या आठ तासांइतकेच मोलाचे आहेत. सव्वीस दिवसांत हे १३,००० रुपये होतात, महिन्याच्या मूळ पगाराएवढे. आपल्या तरुण संघात फळ्यावर हा एवढाच हिशेब करून दाखवा. मुले स्वतःच कॅल्क्युलेटर काढतात.

ओव्हरटाइमच्या दाव्यात वाद कामाचा नसतो, तासांचा असतो. म्हणून आल्या-गेल्याची वेळ रोज लिहिणे महत्त्वाचे. हजेरी यंत्रावर बोट लावतो त्या क्षणाचा फोटो, पर्यवेक्षकाचा ‘आज थांबावे लागेल’ असा व्हॉट्सअॅपवरचा निरोप, परतीच्या बसचे तिकीट, हे सारे उपयोगी पडते.

उचल आणि वेठ

आता एक कठीण भाग. उचल घेणे गुन्हा नाही, आणि मालकाने ती मजुरीतून ठरावीक मर्यादेत वळती करून घेणेही बेकायदा नाही. पण उचलीच्या नावाखाली माणसाला किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवले, दुसरीकडे काम करू दिले नाही, जायला अडवले, तर तो विषय हिशेबाचा राहत नाही. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने असे ऋण नाहीसे होते, ते फेडण्याची जबाबदारीच उरत नाही. आणि हे ऋण वेठीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर असतो.

१९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात निकाल दिला. ते प्रकरण न्यायालयापुढे एका पत्राने आले होते. तेथे दिवसाचे किमान वेतन ९ रुपये २५ पैसे होते आणि मजूर आणणारे जमादार त्यातला एक रुपया दलाली म्हणून कापून घेत. न्यायमूर्ती भगवती यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा अर्थ असा की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हीसुद्धा संविधानाच्या कलम २३ मध्ये मनाई केलेली सक्तीची मजुरी आहे, मग बळजबरी काठीची असो की भुकेची. रोज एका रुपयावरून झालेला तो निकाल आजही मजुराची मोठी ढाल आहे.

आपल्या प्रदेशाला ही लढाई नवी नाही. १९४५ मध्ये तलासरी-डहाणूकडच्या वारल्यांनी वेठ आणि गवत कापणीची तुटपुंजी मजुरी यांविरुद्ध उठाव केला. पुढे वसई-भिवंडीकडे श्रमजीवी संघटनेने वेठीत अडकलेली कितीतरी आदिवासी कुटुंबे सोडवली. आपण या कामात मागाहून आलेलो आहोत हे नम्रपणे मान्य करून, ज्यांना ते येते त्यांच्याकडून शिकावे.

कुटुंब अजून मालकाकडेच अडकलेले असेल, मारहाण होत असेल, एखादे मूल ‘तारण’ म्हणून ठेवून घेतले असेल, तर कामगार कार्यालयाच्या तारखांची वाट पाहू नये. लेखी अर्ज थेट जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यावा आणि पोलिसांतही द्यावा. अनुसूचित जमातीच्या माणसाकडून वेठ करून घेणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा आहे. पोलीस ‘ही पैशांची दिवाणी बाब आहे’ म्हणाले, तर अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का तेवढा मागून घ्यावा. त्या शिक्क्याचे मोल पुढे कळते.

वकील फुकट मिळतो

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. स्त्रिया, मुले, वेठीला किंवा मानवी व्यापाराला बळी पडलेले यांनाही आहे. यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याच्या ठिकाणी प्राधिकरण असते. साध्या कागदावर अर्ज, सोबत जातीचा दाखला आणि आधार कार्डाची प्रत एवढे पुरते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही सुरुवात करता येते. कामगार अधिकाऱ्यापुढच्या सुनावणीसाठीही हा वकील मागता येतो. मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील असा समज आपल्याकडे आहे. माणसामाणसांत फरक असतोच. वकील तारखेला येत नसेल तर बदलून मागण्याचा अर्जही त्याच समितीकडे करता येतो.

दावा करताना अर्जदार म्हणून कायद्यात मजूर स्वतः, तो सभासद असलेली नोंदणीकृत कामगार संघटना आणि शासनाचा निरीक्षक यांची नावे आहेत. पाळकाचे किंवा संस्थेचे नाही. हे एका अर्थी बरेच आहे. आपण सोबत जायचे, लिहून द्यायचे, तारीख लक्षात ठेवायची, पण बोलायचे मजुराने. अर्ज साधारणपणे काम जिथे झाले त्या भागातील कार्यालयात द्यावा लागतो, आणि गुजरातेत काम केलेल्यांसाठी ही खरी अडचण आहे. अशा वेळी व्यारा-सोनगडकडच्या मंडळ्यांशी असलेली आपली ओळख कामी येते. तारखेच्या आदल्या रात्री मुक्कामाला एखादी जागा आणि सकाळी सोबत येणारा गुजराती लिहिणारा माणूस मिळाला, तर अर्धे काम होते.

तडजोड करताना

अर्ज गेला, नोटीस निघाली, की बहुतेक मालक तडजोडीला येतात. तडजोड वाईट नाही. दिवसाची मजुरी बुडवून चार-चार तारखा करणे गरिबाला परवडत नाही, आणि ६३ हजारांच्या दाव्यात ५० हजार आज हातात मिळत असतील तर तो निर्णय त्या कुटुंबाचाच असला पाहिजे. आपण ‘तत्त्वासाठी लढा’ म्हणून त्यांना पुढे ढकलू नये. भाडे त्यांच्या खिशातून जाते.

पण तीन ठिकाणी सावध राहावे. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या स्टॅम्पपेपरवर अंगठा उठवू नये. पूर्ण पैसे मिळाल्याच्या पावतीवर, पैसे मोजून घेतल्याशिवाय सही करू नये. आणि लोक अदालतीत झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नसते, हे अंगठा उठवण्याआधी त्यांच्या बोलीत, भिलीत, मावचीत, पावरीत किंवा वारलीत, समजावून सांगावे.

मालकाने धनादेश दिला आणि तो वटला नाही, तर बँकेचा कागद हातात आल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. नोटीस पोचल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार करता येते. या मुदती हुकल्या तर मालकावरचा मोठा दबाव हातचा जातो. तो न वटलेला धनादेश गाडग्यात जपून ठेवला जातो आणि कोणी विचारले तर अभिमानाने दाखवला जातो, असे अनेकदा घडते.

मंडळीने या महिन्यात आणि दिवाळीआधी

आता जी कुटुंबे परतली आहेत त्यांच्याकडे शिधा घेऊन जाल तेव्हा एक वही आणि पेनही न्या. बसून विचारा: कोणत्या तारखेला गेलात, कधी आलात, किती जण होता, दर काय ठरला, उचल किती, खर्ची किती, हिशेबाला काय मिळाले. तारखा आठवत नाहीत, पण नाताळ कुठे झाला, होळीला किती विटा झाल्या होत्या, मूल आजारी पडले तेव्हा कोणत्या दवाखान्यात नेले, हे आठवते. दवाखान्याच्या चिठ्ठीवर तारीख असते. एका बैठकीत सारे येत नाही. दुसऱ्या वेळी पत्नीला वेगळे विचारा, तिच्या आठवणीत आठवड्याचा बाजार असतो आणि त्यावरून खर्ची जुळते. मोबाइलमधले फोनपेचे जुने व्यवहार उतरवून घ्या. मुकादमाने पाठवलेली रक्कम हाच तिथे काम केल्याचा पुरावा होतो.

मालकाचे नाव पुष्कळांना माहीत नसते, फक्त ‘शेठ’. पण वीट बोलते. बहुतेक भट्ट्यांच्या विटेवर मालकाची अक्षरे उमटवलेली असतात. ऊसतोडीत वजनकाट्याच्या पावतीवर कारखान्याचे नाव असते, ट्रॅक्टरला क्रमांक असतो. ई-श्रम कार्ड असेल तर ओळखीला बरे, पण त्याने मजुरी वसूल होत नाही, हेही सांगून ठेवावे.

आणि दिवाळीआधी, मुकादम पाड्यावर यायच्या आत, जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याला छोटी दिनदर्शिका द्यावी. रोजच्या चौकटीत विटांचा आकडा किंवा कामाचे तास, शनिवारी खर्ची. लिहिता येत नसेल तर हजार विटांना एक रेघ. उचल घेताना मंडळीतल्या दोघांना साक्षीला बसवावे आणि रक्कम, दर, भट्टीचे ठिकाण हे मुकादमाच्या तोंडून मोबाइलवर बोलवून घ्यावे. तो आपल्याच नात्यातला असेल, हसेल, चेष्टा करेल. करू द्यावी. एक प्रत पाळकाकडे, एक घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे ठेवावी. भट्टीवर पोचल्यावर पहिल्या आठवड्यात एका भाजलेल्या विटेचा, अक्षरे नीट दिसतील असा फोटो काढून पाळकांना पाठवावा.